पोपटशेठच्या कॅलेंडरवरची पोपटी

३० नोव्हेंबर १९९७, रविवार

आज पनवेलहून प्रविणभावजी आले. मटार-बटाट्याचा रस्सा दोनदा वाढून घेतला आणि हात धुता धुता म्हणाले, "वहिनी, एक जानेवारीला टेम्पो घेऊन येतो. कॉम्प्युटर माझ्या क्लासला नेतो. इथं नुसता धूळ खातोय."

धूळ खातोय! रोज सकाळी मी स्वतः पुसते. कव्हरसुद्धा मी शिवलंय, झालर लावून. पण चार महिन्यांत दोन लग्नपत्रिका आणि एक बारसं, एवढंच काम झालं हे खोटं नाही. कॉम्प्युटर दोघा भावांनी मिळून घेतलेला, त्यामुळे मला तोंड उघडता येत नाही. उघडलं मात्र. म्हटलं, वर्षअखेरपर्यंत चांगलं काम मिळालं तर?

"मिळालं तर ठेवा," भावजी हसत म्हणाले. हे, म्हणजे आमचे निकेशराव, डोलवीहून रात्रपाळी करून आलेले, जेवता जेवताच पेंगत होते. आणि आई? सासूबाई कोपऱ्यात सुपारी कातरत बसल्या होत्या. मला ठाऊक आहे त्यांच्या मनात काय आहे ते. कॉम्प्युटर यायच्या आधी ही पुढची खोली गणपतीच्या कारखानदाराला हंगामात मूर्ती ठेवायला द्यायचे. घरात देव यायचे त्या ठिकाणी हा डबा आला, असं त्या शेजारी बोलल्या होत्या, मी कानांनी ऐकलंय.

मला हे काम सोडायचं नाही. लिहून ठेवते. अक्षरं जुळवायला बसले की मला दुसरं काही आठवत नाही. भाजी करपते ती त्यामुळेच.

३ डिसेंबर, बुधवार

काम मिळालं!! आणि कुणाकडून, तर पेणच्या बाजारातल्या किराणावाल्या पोपटशेठकडून.

शेठ दर वर्षी आपल्या शंभर खास गिऱ्हाइकांना कॅलेंडर वाटतात. यंदाची बाहेरून छापून आलीयत. खाली तारखा-तिथ्या, वर मोठा कोरा चौकोन आणि चौकोनाच्या बुडाशी मधोमध शेठचा हसरा फोटो, बाराही पानांवर. त्या चौकोनात दर वर्षी दुकानाची जाहिरात असते. "पण ताई, लोक माझं कॅलेंडर भिंतीवर लावतच नाहीत," शेठ म्हणाले. "पलंगाखाली घालतात. यंदा असं करा की बायकांनी सैपाकघरातच लावलं पाहिजे."

मी जागच्या जागी म्हटलं, दर महिन्याला एक पाककृती. सुंदर लेबल छापायचं, वेलबुट्टी काढून, आणि कोऱ्या चौकोनात चिकटवायचं. शेठ खूश. अट एकच, मासळी नको, ना ओली ना सुकी. शेठ शाकाहारी आहेत, कॅलेंडरला वाससुद्धा लागता कामा नये म्हणाले.

शेठना माझं नाव कुणी सांगितलं कोण जाणे. बहुतेक लग्नपत्रिका बघितली असेल. आईंना सांगितलं तर म्हणाल्या, "मासळी नाय तं कसलं आगरातलं कॅलेंडर गो?" झालं. एवढंच कौतुक. त्या आजही हिंग आणायला म्हणून शेठच्या दुकानात गेल्या होत्या. या आठवड्यातली तिसरी खेप. हिंगाची डबी अजून रिकामीच आहे. वय झालं, विसरतात.

७ डिसेंबर, रविवार

रोह्याला जाऊन आले. एसटी नागोठण्याच्या स्टँडवर एवढा वेळ थांबली की कंडक्टर चहा पिऊन वर वर्तमानपत्रही वाचून आला.

रंगीत लेबलांना रंगीत प्रिंटर हवा, आणि तो माझ्या माहितीत एकाच घरी आहे, रोह्याच्या पुलापलीकडे अष्टमी गावात, सुरैय्याकडे. आम्ही दोघी रोह्याच्या शाळेत एका बाकावर. तिचा नवरा हाशिम कुवेतला असतो. गेल्या सुट्टीत मुलांसाठी म्हणून प्रिंटर घेऊन आला, पण कॉम्प्युटर आणायचं पुढच्या सुट्टीवर टाकलं. तेव्हापासून खोका तसाच. सुरैय्यानं त्याच्यावर क्रोशाचा रुमाल घालून टीव्ही ठेवलाय.

"घेऊन जा," ती म्हणाली. "टीव्हीला मी ट्रंक देते. पण माझं सांदण घालायला पाहिजे हां कॅलेंडरात."

"घातलं. मे महिना तुझा."

"मे नको गो, मेमध्ये सगळे लग्नाला जातात, घरी कोण रांधतंय? एप्रिल दे." एप्रिल दिला. पूल ओलांडून स्टँडपर्यंत खोका तिनं आणि मी दोन बाजूंनी धरून आणला आणि पेणपर्यंत मी तो मांडीवर घेऊन बसले. पाय अजून सुन्न आहेत.

१० डिसेंबर, बुधवार

अकरा पाककृती झाल्या. श्रावणाला नारळीभात, भाद्रपदात मोदक, होळीला पुरणपोळी, सगळं सरळ. जानेवारीलाच अडलं. जानेवारीत आमच्याकडे वालाच्या शेंगा येतात आणि शेतातून पोपटीचा धूर निघतो, मग दुसरं काय घालणार? पोपटी आईंच्या हातची. त्यांच्यासमोर वही घेऊन बसले.

"मीठ किती?"

"लागंल तेवढं."

"म्हणजे किती, आई?"

"कमी नाय पडायचं येवढं."

"आणि ओवा?"

"वास आला पायजे. पन वासच नाय आला पायजे." आता हे छापू कसं? शेवटी मी माझ्या अंदाजानं मूठ आणि चमचे घातले. शेंगा, बटाटे, रताळी, जाडं मीठ, ओवा, सगळं मडक्यात भरायचं, भांबुर्ड्याच्या पाल्यानं तोंड बंद करायचं, मडकं उपडं ठेवायचं, चहूबाजूंनी जाळ. आत पाण्याचा थेंब घालायचा नाही; वरून मडक्यावर थेंब टाकून आवाज आला की पोपटी शिजली. लोक यात कोंबडी आणि अंडीही घालतात, ती मी शेठसाठी गाळली. आईंनी सगळं वाचून घेतलं, म्हणजे मी वाचलं आणि त्यांनी ऐकलं, आणि म्हणाल्या, "बरा हाय." बरा! यमक जुळवून लिहिलं होतं शेवटचं वाक्य.

१२ डिसेंबर, शुक्रवार

शेजारच्या एसटीडी बूथवरून शेठना फोन केला. त्यांनी विचारलं, "जानेवारीचं कसं करताय?" मी म्हटलं, "पोपटी."

"वा वा! माझ्या नावाला शोभेल. जरा गडद असू द्या." मी म्हटलं, गडद म्हणजे अक्षरं ना? ते म्हणाले, सगळंच गडद करा. किती मोकळ्या मनाचा माणूस!

१४ डिसेंबर, रविवार

लिहायलासुद्धा हात होत नाही. पहिलं लेबल छापलं. पोपटी, भोवती शेंगांची वेल, अक्षरं गडद. इतकं देखणं की मी पाच मिनिटं नुसती बघत बसले. ओट्यावर ठेवून आंघोळीला गेले. परत येते तर आईंनी ते नेमकं भाताच्या तपेल्यावर, वाफेत, खिळ्याला टांगलेलं. शाई ओघळून शेंगांच्या वेलीचं शेवाळ झालं होतं.

मी काही बोलले नाही. म्हणजे बोलले, बरंच. त्या म्हणाल्या, "सैपाकघरात लावायचा हाय ना? मंग सैपाकघरातच बघायला नको?" वर आणखी हसल्या. मुद्दाम केलं. यांना नकोच आहे माझं काम.

१६ डिसेंबर, मंगळवार

सुरैय्याला फोन केला. ती म्हणाली, मेणबत्ती घास. लेबल छापून वाळलं की वरून हलक्या हातानं मेण चोळायचं आणि सुती फडक्यानं पुसायचं. तिच्या सासूबाई मसाल्याच्या बरण्यांवरची नावं अशीच टिकवतात. केलं. तपेल्यावर टांगलं. भात झाला, वरण झालं, लेबल जसंच्या तसं. देवाची शपथ, मी स्वयंपाकघरात एक गिरकी घेतली.

बरं झालं, वाटायच्या आधी कळलं. शंभर घरांत शाई ओघळली असती तर मी पेण सोडूनच गेले असते.

२१ डिसेंबर, रविवार

झालं!! शंभर कॅलेंडरं, प्रत्येकावर बारा लेबलं. छापली मी, मेण चोळलं यांनी (पाळीवरून येऊन, बिचारे), चिकटवली सुरैय्यानं येऊन दोन दिवस. आईंनी फक्त चहा केला आणि वाकडं चिकटवलेलं प्रत्येक लेबल बोटानं दाखवलं. त्यांना वाचता येत नाही, पण वाकडं बरोबर दिसतं. संध्याकाळी हातगाडीवरून माल शेठच्या दुकानात पोचवला. शेठ बाहेरगावी गेले होते, माल रघू हमालानं उतरवून घेतला.

भावजींना फोन लावून सांगितलं, टेम्पो आणू नका. ते म्हणाले, बघू. बघू काय बघू!

२३ डिसेंबर, मंगळवार

सत्यानाश.

सकाळी शेठचं बोलावणं आलं. मला वाटलं, शाबासकी. चांगली साडी नेसून गेले. दुकानासमोर दहा-पंधरा माणसं आणि सगळ्यांचे दात बाहेर. रघूनं जानेवारीचं पान भिंतीवर लावलेलं आणि येता-जाता पोतं खाली ठेवून मोठ्यानं वाचत होता:

"पोपटी! मडक्यात भरून तोंड पाल्यानं घट्ट बंद करावे. मडके उपडे ठेवावे. चहूबाजूंनी जाळ लावावा!"

आणि खाली पोपटशेठ हसताहेत. फोटोतले. खरे पोपटशेठ गल्ल्यावर लालेलाल.

"शेठ, तोंड कधी बंद करताव?" कुणीतरी ओरडलं. दुसरा म्हणाला, "शिजलाव का शेठ? थेंब टाकून बघू?"

खरं सांगते, तोपर्यंत माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. पोपट आणि पोपटी! मी अक्षरांचा गडदपणा बघत बसले आणि वाचलंच नाही काय लिहिलंय ते. शेठनी मला आत बोलावलं. "ताई, मी रंग समजलो. पोपटी रंग! तुम्ही मला मडक्यात घातलंत!" त्यांनी कॅलेंडरांचा गठ्ठा माझ्याकडे सरकवला. "एकही कॅलेंडर वाटणार नाही. घेऊन जा सगळी."

हातगाडी परत. सगळ्या बाजारातून, मागे मी, चांगल्या साडीत.

२४ डिसेंबर, बुधवार

लेबल काढायला गेलं की कागद फाटतो, मेणामुळे आणखीच. वरून दुसरं चिकटवायचं तेवढं राहिलं. पोपटीच्या जागी तिळाच्या वड्या घालाव्यात असं ठरवलं. आईंना सांगितलं मात्र, अशा उसळल्या!

"माझी पोपटी काढलीस तं तो डबा चुलीत घालीन."

बघा. अखेर बोलल्याच मनातलं. एरवी कुणी पोपटीवरून डबा चुलीत घालेल का? मग चपला घालून तरातरा बाजारात निघून गेल्या. जेवायलासुद्धा आल्या नाहीत. दुपारी रघू सांगत होता, सरूबाई, म्हणजे आमच्या आई, शेठच्या दुकानात पोत्यावर बसून चकाट्या पिटतायत. मी इथं डोळे पुसतेय आणि त्या तिथं, ज्यानं मला परत पाठवलं त्याच्याकडे!

मी हरले असं वाटतंय. झालरीचं कव्हर घातलं आणि कॉम्प्युटरकडे पाठ करून बसले.

२५ डिसेंबर, गुरुवार

सुरैय्या पहिल्या गाडीनं आली. मी रडत रडत सगळं सांगितलं आणि ती हसायलाच लागली. हसून हसून तिला ठसका लागला, मला पाणी आणावं लागलं. मला राग आला. मग मलाही हसू आलं, तोंड कधी बंद करताव आठवून.

हसणं थांबल्यावर ती म्हणाली, "नमिता, पोपटी कोणाची ते तू लिहिलंच नाहीस. म्हणून ती शेठची झाली. नाव लाव ना."

नाव! वड्या नकोत, काही नको. एक बारीकशी पट्टी, 'पोपटी'च्या आधी. सरूबाईंची पोपटी. मग खाली कुणाचाही फोटो असू दे. आईंना विचारलं तर त्या विचित्रच वागल्या. म्हणाल्या, "माझं नाव? छापून? निकेशची आय असं लिव." मी म्हटलं, नाही, सरूबाईच. त्या उठून परसात गेल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत. रागावल्या असतील, पण मी मागे हटणार नाही.

आता शेठनं ऐकायला हवं.

२७ डिसेंबर, शनिवार

शेठ ऐकत नव्हते. पट्टी लावलेलं जानेवारीचं पान दाखवलं, नुसती मान हलवली. मी निघणार एवढ्यात आई दुकानात शिरल्या, मागून रघू, डोक्यावर मडकं आणि भांबुर्ड्याचा भारा. मडकं कधी आणलं, शेंगा कुठून आणल्या, मला पत्ता नाही. या दिवसांत शेंगा म्हणजे पहिलाच तोडा, मिळत नाहीत.

"शेठ," आई म्हणाल्या, "जल्म पेनमधी काढलाव, कधी पोपटी खाल्लीव?"

शेठ हळूच म्हणाले, "त्यात कोंबडी असते."

"तुमच्यात कोंबडी नाय. माझ्यात बी नाय. चला मागं."

गोदामामागच्या मोकळ्या जागेत मडकं उपडं बसवलं. काटक्या, गवत, गोवऱ्या रचून आईंनी जाळ लावला. उन्हं उतरत होती. त्या दिवशीची हसणारी सगळी माणसं गोळा झाली आणि अजूनही खसखस चालू होतीच. मडकं तापल्यावर आईंनी शेठच्या हातात पाण्याची वाटी दिली. "टाका थेंब. तुमच्याच हातानं." शेठनी बिचकत थेंब टाकला. चर्र झालं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मडकं फोडलं. तो वास मी लिहू शकत नाही, ओवा आणि पाला आणि धूर. शेठनी एक शेंग सोलली. दोन. मग खाली पोत्यावरच बसले, धोतर-बितर न बघता. रताळं संपवून वर बघितलं आणि रघूला म्हणाले, "अरे वाच ना आता! मोठ्यानं वाच!" रघूनं वाचलं. तोंड घट्ट बंद करावे आलं तेव्हा शेठनी तोंड गच्च मिटून गाल फुगवले. लोक लोळले हसून.

जाताना मला म्हणाले, "ताई, बाराही पानांवर नावं लावा. कुणाचं काय ते कळू दे. आणि जानेवारीचं तेवढं तसंच गडद ठेवा."

मी जिंकले! (आईंना थोडं श्रेय द्यायला हवं. योगायोगानं वेळेवर आल्या.)

२९ डिसेंबर, सोमवार

शंभरच्या शंभर कॅलेंडरांना पट्ट्या लावून झाल्या, बाराही पानांवर. सुरैय्याचं नाव एप्रिलात इतकं सुरेख बसलंय की ती एक कॅलेंडर अष्टमीला घेऊन गेली, हाशिमला कुवेतला पाठवणार म्हणते. रोजे सुरू व्हायच्या आत काम उरकलं म्हणून तीही खूश. शेठचं वाटप आजच सुरू झालं. लोक पाकीट, पिशवी काही मागत नाहीत म्हणे, पोपटशेठची पोपटी द्या म्हणतात. शेठ म्हणतात, माझी नाही, सरूबाईंची, आणि मग सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगतात. रघूच्या म्हणण्याप्रमाणे प्रत्येक वेळी मडकं थोडं मोठं होतं.

३० डिसेंबर, मंगळवार

आज दारात तिघी बायका. शेठची कॅलेंडरं संपली म्हणून माझ्याकडे आल्या. एक म्हणाली, "आमच्या घरी दुसरं कॅलेंडर हाय. त्याच्यावर लावायला माझ्या खापरपोळीचं करून दे. माझ्या नावानं." दुसरीला बिरड्याचं हवं. तिसरी डोलवीची, तिला जवळ्याच्या भाकरीचं. मासळी चालेल ना विचारलं. म्हटलं, बाई, माझ्या कॉम्प्युटरला सगळं चालतं!

आई प्रत्येकीला पाणी देत होत्या आणि बघून घेत होत्या, कोणाची पाळी आधी.

१ जानेवारी १९९८, गुरुवार

भावजी टेम्पो घेऊन आलेच. मी सकाळपासून छपाईत, समोर बाकड्यावर पाच जणी, पायरीवर आणखी दोघी. हे पहाटपाळीला गेलेले. काम आलंय खरं, पण भावजींनी आता नाही म्हटलं तर? त्यांचा अर्धा वाटा आहे. सगळ्यांसमोर वायरी काढायला लागले तर मी काय करणार होते?

भावजी दारात थांबले. बाकड्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "वहिनी, हे काय?"

मी बोलायच्या आत आई मधे येऊन उभ्या राहिल्या, कंबरेला पदर खोचून. "चपला भाईर काढ. बायका बसल्यात."

"आय, मी कॉम्प्युटर न्यायला..."

"नाय देत."

"अगं, पण तूच म्हणायचीस ना, डबा कशाला, डबा कशाला?"

"तवा त्यो डबा होता." आई वळल्या. पडद्यावर मी जानेवारीचं लेबल, आता नावासकट, उघडून ठेवलं होतं, एका बाईला नमुना दाखवायला. आईंनी जवळ जाऊन, काचेला न लागू देता, एकेका अक्षरावर बोट धरलं. चुकीच्या जागी नाही, बरोबर त्या चार अक्षरांवर. एवढ्या दिवसांत कधी शिकल्या, कोण जाणे. मी तर शिकवलं नाही.

"ह्ये बघ," त्या प्रविणभावजींना म्हणाल्या. "ह्याच्यात माझं नाव हाय. साठ वर्सांत पयल्यांदा कुठं लिवलंय. माझं नाव मी पनवेलला धाडायची नाय."

भावजींनी चपला काढल्या, आत आले आणि आईंच्या पायाशी बसून म्हणाले, "मग आय, एक चहा तरी देशील?"

टेम्पो रिकामा गेला.